मेजर प्रुइटच्या घंटेला ओ

१

जपानमध्ये आल्यावर पहिली दोन वर्षं मला नाव नव्हतं. म्हणजे होतं, सुप्रभा, पासपोर्टवर छापलेलं. पण नरेंद्रच्या इन्स्टिट्यूटमध्ये मी 'ओकुसान' होते, म्हणजे अमक्याची बायको. घरमालकिणीसाठी ओकुसान, मासळीवाल्यासाठी ओकुसान, आणि जळणारा कचरा न जळणाऱ्याच्या वारी ठेवला म्हणून दार वाजवणाऱ्या शेजारणीसाठीही ओकुसानच. पुण्यात फिजिक्स घेऊन एमएस्सी केलेली, कॉलेजात पोरांना दरडावून शिकवलेली बाई मी. योकोहामाच्या त्या दोन खोल्यांत बसून बसून मला खरंच भीती वाटायला लागली होती, की अशीच आणखी काही वर्षं गेली तर माझं नाव मलाच कुणाला तरी विचारावं लागेल.

त्यामुळे वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर इंग्रजी बोलणारी गाइड हवी असल्याची जाहिरात दिसली, तेव्हा मी नरेंद्रला विचारत बसले नाही. चौऱ्याण्णव सालच्या ऑक्टोबरातली गोष्ट. टेकडीवर पूर्वी परदेशी लोकांची वस्ती होती. तिथलं एक जुनं लाकडी घर एका छोट्या ट्रस्टनं जपून ठेवलं होतं, मेजर एल्बर्ट प्रुइट यांचं घर. घर सांभाळणाऱ्या मोरिओका-सान साठीच्या पुढच्या होत्या, पाठीचा कणा ताठ आणि बोलणं मोजकं. पहिल्याच दिवशी त्यांनी काताकाना लिपीत लिहिलेली नावाची पट्टी माझ्या स्वेटरला लावली आणि म्हणाल्या, "सुप्राबा-सान, या."

'भ' काही त्यांना जमला नाही. पण मी त्या दिवशी स्टेशनपर्यंत चालत गेले ती अक्षरशः हवेत. आल्याबरोबर नरेंद्रला सांगितलं, की उद्यापासून स्वयंपाक अर्धा तुझा.

२

काम माझ्या हातचा मळ होता. दुपारी जायचं, खिडक्यांची लाकडी दारं उघडायची, रॉकेलचा स्टोव्ह पेटवायचा आणि लोक आले की त्यांना खोल्यांतून फिरवत मेजरसाहेबांचं आयुष्य सांगायचं. ट्रस्टनं मजकूर दिला होता, पण तो इतका बेचव की मी त्याला आठवड्याभरात माझी फोडणी दिली.

युद्धाआधी, मी सांगायचे, मेजरसाहेब जॉर्जियातल्या एका कापूसवाल्या जमीनदाराचे चिरंजीव. पांढऱ्या खांबांचा वाडा, नजर पोचेल तिथवर कापूस, आणि तो वेचायला शंभरावर गुलाम. पोरगा लष्करी शाळेत शिकला, जमीन मोजायची विद्या शिकला, घोडा छान पळवायला शिकला. "मात्र पेल्यात स्वतःच्या हातानं पाणी ओतायला काही शिकला नाही," असं मी म्हटलं की लोक हसायचे. मग अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. गुलाम हातचे जाऊ नयेत म्हणून दक्षिणेकडची राज्यं फुटून निघाली आणि मेजरसाहेब त्यांच्या तोफखान्यात गेले. दक्षिण हरली. घरी परतले तर वाडा जळलेला, शेतं पडीक आणि माणसं निघून गेलेली.

युद्धानंतर, मी जिना चढता चढता सांगायचे, हरलेल्या माणसाला आपल्या गावात राहवेना. त्या वेळी जपान सरकारला नकाशे काढायला शिकवणारे लोक हवे होते. मेजरसाहेब एक पेटी, मोजणीचं यंत्र आणि एक जुनी विश्वासू मोलकरीण घेऊन बोटीत बसले. इथल्या मुलांना त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं, मुलांनी त्यांच्यावर जीव टाकला. त्यांनी टेकडीवर हे घर बांधलं, हुबेहूब जॉर्जियातल्यासारखं, आणि इथेच डोळे मिटले. "आणि पाणी शेवटपर्यंत ओतलं नाही," हे माझं शेवटचं वाक्य. त्यालाही लोक हसायचे. मला ते वाक्य फार आवडायचं.

स्वयंपाकघर फेरीच्या शेवटी. तिथल्या भिंतीवर वर एका ओळीत पितळी घंटा होत्या, वाकड्या स्प्रिंगांवर टांगलेल्या. वरच्या प्रत्येक खोलीत भिंतीला एक दोरी, ती ओढली की खाली त्या खोलीची घंटा वाजणार. मोरिओका-साननी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की वीज आली तेव्हाच तारा कापून टाकल्या.

"कधी हलल्या तर लक्ष देऊ नका. खालच्या रस्त्यानं ट्रक जातात," त्या म्हणाल्या. "आम्ही उत्तर देत नाही."

ट्रकला कोण उत्तर देतं, असं माझ्या मनात आलं. जपानी माणसं सूचना जरा जास्तच देतात, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

३

नोव्हेंबरातली दुपार होती. शेवटची मंडळी नुकतीच गेली होती. मोरिओका-सान पुढे तिकिटाच्या खिडकीत होत्या आणि मी स्वयंपाकघरात आमच्या चहाचे कप विसळत होते. बाहेर भाजक्या रताळ्याची गाडी आपलं रडवं गाणं लावून चालली होती. तेवढ्यात घंटा वाजली. दोनदा, तुटक, घाई असल्यासारखी.

"ओ, आले!" मी म्हणाले.

माझे हात फेसात होते, लक्ष दुसरीकडे होतं आणि तोंडानं आपलं काम केलं. आमच्या घरी हाक आली की आधी ओ द्यायची आणि मग हातातलं काम ठेवायचं, हा नियम होता. ओ न देणारी मुलगी म्हणजे वाया गेलेली. अर्थात आत्याचा आणखी एक नियम होता, की आवाज ओळखीचा नसेल तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, तीनदा हाक येऊ द्यावी. "का गं, भुतांना तीनपर्यंत मोजता येत नाही का?" असं मी तिला चिडवायचे. ती रागावून म्हणायची, "त्यांना ओ हवी असते, बाई. एकदा दिलीस की ती तुझी राहत नाही."

मी वर बघितलं. ओळीतली शेवटची, अभ्यासिकेची घंटा अजून थरथरत होती. बाकीच्या सगळ्या स्तब्ध. ट्रकनं हादरा दिला तर तो एकाच घंटेला कसा देईल, हा प्रश्न मला लगेच पडला आणि त्याचं उत्तरही लगेच सापडलं. प्रत्येक स्प्रिंगची आपली एक वारंवारता असते. ट्रकच्या हादऱ्याशी जिची जुळेल तीच डोलेल. हे मी पोरांना लंबक टांगून कितीदा दाखवलं होतं. समाधान झालं, मी कप पुसून ठेवले.

४

त्यानंतर ती घंटा वाजू लागली. रोज नाही, पण मी स्वयंपाकघरात एकटी असले की हमखास. मोरिओका-सान तिथे असताना कधीच नाही. हेही मी समजावून घेतलं, की दोन माणसांच्या वजनानं लाकडी जमीन दबते, हादरा मरतो. गंमत म्हणून मी ओ देत राहिले. "ओ, मेजरसाहेब! आलेच!" असं म्हणून मी खिदळायचे. एकटीनं काम करणारी माणसं भांड्यांशी बोलतात, त्यातलाच प्रकार.

एकदा स्टुलावर चढून तार तपासली. भिंतीतून वीतभर बाहेर आलेली, टोकाशी हिरवी पडलेली, कापलेली. दुसऱ्या टोकाला काहीच नव्हतं. मी खाली उतरले आणि स्टूल जागेवर ठेवलं. जागेवर ठेवताना माझ्या लक्षात आलं, की मी पाऊल न वाजवता चालते आहे.

डिसेंबरात एका दुपारी मी मागच्या जिन्यात होते. हा नोकरांचा जिना, अरुंद, अंधारा, पाहुण्यांना बंद. मी अर्ध्यावर उभी होते, हातात ट्रे आणि ट्रेमध्ये काचेच्या पेल्यात पाणी, काठोकाठ, एक थेंब न सांडलेलं. पेला मांडणीतला होता, पाहुण्यांना हात लावायची बंदी असलेला. तो मी कधी काढला, कधी भरला, मला आठवेना. वर अभ्यासिकेचं दार बंद होतं, आणि दाराच्या आत खुर्ची करकरली, कुणी वाट बघून कंटाळून अंग हलवावं तशी.

मी घाबरले. पण त्याहून जास्त संताप आला. नरेंद्रला मी आजवर पाण्याचा पेला नेऊन दिलेला नाही, आणि या मेलेल्या माणसासाठी मी जिना चढत होते! खाली आले, पाणी ओतून दिलं, पेला पुसून मांडणीत ठेवला. जुनी लाकडं थंडीत करकरतात. रोजच्या कामात हात आपले आपण चालतात, भात लावल्याचं कुठे आठवतं आपल्याला. ही दोन्ही उत्तरं बरोबर होती, आणि तरी त्या दिवशी मी मोरिओका-सानच्या आधी बूट घातले.

५

त्याच आठवड्यातला रविवार. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. आत नरेंद्र न्हाणीत होता. मी सगळे कपडे वाळत घालून, चिमटे लावून आत आले, तर तो ओलाचिंब, पडद्याआड उभा.

"काय गं? केव्हाचा टॉवेल मागतोय!"

"मला हाक ऐकूच आली नाही."

"ऐकू आली नाही काय? चांगली ओ दिलीस की. 'ओ, आले' म्हणालीस. स्वयंपाकघरातून."

"मी बाल्कनीत होते, नरेंद्र," मी टॉवेल पुढे करत म्हणाले.

"मग कोण आलं होतं, शेजारची ओकुसान?" तो हसला आणि माझ्या हातातून टॉवेल घेतला.

मी पण हसले. मग त्याचं लक्ष नाही असं बघून स्वयंपाकघरात गेले. ओट्याजवळच्या जमिनीवर ओल होती, नुकतेच कुणी हात झटकल्यासारखे थेंब. नळ गळत असेल. मी नळ घट्ट केला. तो आधीच घट्ट होता.

त्या रात्री जेवताना मी त्याला सांगितलं, "मला सारखी नावानं हाक मारत जा."

"का?"

"मार म्हटलं ना."

तो मारत राहिला बिचारा. दहातल्या तीन-चार हाका मला ऐकू यायच्या. बाकीच्यांना, तो म्हणे, मी ओ द्यायचे आणि यायचे नाही.

६

नाताळच्या सुट्टीत एक अमेरिकन बाई आल्या. कृष्णवर्णीय, उंच, पन्नाशीच्या, नवरा योकोसुकाच्या नौदल तळावर होता. माझी सगळी फेरी त्यांनी हात पाठीमागे बांधून ऐकली. "पाणी शेवटपर्यंत ओतलं नाही" या वाक्याला बाकीचे चौघे हसले, त्या हसल्या नाहीत.

स्वयंपाकघराच्या दारात त्या थांबल्या. घंटांकडे बघून त्यांनी विचारलं, "युद्धाआधी घंटेला कोण जायचं, ते तुम्ही सांगितलंत. गुलाम. युद्धानंतर कोण जायचं?"

"मोलकरीण. बरोबर आणलेली."

"म्हणजे तीच बाई."

"हो, तीच असणार."

"युद्ध संपलं होतं. ती मोकळी होती," त्या म्हणाल्या. "मग समुद्र ओलांडून त्याच्या घंटेमागे का आली?"

मी वर घंटांकडे बघितलं.

"तिचं नाव काय होतं?" त्यांनी विचारलं.

मी ट्रस्टचा मजकूर आठवून पाहिला. त्यात मेजरच्या घोड्याचं नाव होतं. कुत्र्याचंसुद्धा होतं. "माहीत नाही," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली, नाराजीनंही नाही, आणि आत पाऊल न टाकता त्या परत गेल्या.

संध्याकाळी कुलूप लावताना मी मोरिओका-सानना विचारलं.

"नाव? नाही, कुणालाच माहीत नाही," त्या म्हणाल्या. मग किल्ली तशीच धरून माझ्याकडे बघत राहिल्या. "सुप्राबा-सान, घंटा वाजते का? तुम्ही 'हाय' म्हणालात का कधी?" 'हाय' म्हणजे जपानीतली ओ.

"छे! 'हाय' कशाला म्हणेन?" मी म्हणाले. खोटं नव्हतं ते. 'हाय' मी एकदाही म्हटलं नव्हतं.

त्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि माझ्या दंडावर थोपटलं. मी घरी आले आणि ठरवलं की जानेवारीअखेर नोकरी सोडायची. नाव परत मिळावं म्हणून धरलेली नोकरी होती ती, आणि नावावरचाच माझा हक्क सुटत चालला होता. एवढं कळायला फिजिक्स लागत नाही.

७

जानेवारीतल्या त्या रविवारी ओजिमाला मैत्रीण गीताकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. तोक्योतल्या झाडून सगळ्या मराठी बायका यायच्या होत्या. मी काळी चंद्रकळा नेसून, वर कोट चढवून कामावर गेले. नरेंद्र चार वाजता फाटकाशी येणार, मग दोघं गाडीनं जाणार, असं ठरलं होतं. मोरिओका-सान त्या दिवशी लवकर गेल्या, किल्ली माझ्याकडे देऊन. शेवटचे पाहुणे गेले. मी कोट आणि पर्स खाली खुंटीला अडकवली, खिडक्या लावायला वर गेले.

अभ्यासिकेची खिडकी सर्वांत शेवटी. मी खिडकीशी होते, पाठीमागे मेजरची खुर्ची, रिकामी. दोरी भिंतीला लोंबत होती, मी तिच्याकडेच बघत होते. ती हलली नाही. आणि खाली स्वयंपाकघरात घंटा वाजली. दोनदा, तुटक.

मी दातांवर दात दाबून धरले. ओ द्यायची नाही, काय वाटेल ते होवो.

"ओ, आले!" खालून आवाज आला.

माझाच आवाज होता तो. खणखणीत, पुणेरी, पोरांना दरडावणारा. मग मागच्या जिन्यावर पावलं वाजायला लागली, भरल्या ट्रेनं चढावं तशी सावकाश, आणि प्रत्येक पायरीला काचेचा बारीक किणकिणाट.

मी पुढच्या जिन्यानं धावत सुटले. कठडा हाताला लागत होता एवढंच आठवतं. दार उघडलं, व्हरांड्यात आले, पायऱ्या उतरले. फाटकाशी नरेंद्र उभा होता, मफलर गुंडाळून, हात चोळत. त्याला बघून मला रडू फुटलं.

"सुप्रभाऽ!" त्यानं घराकडे तोंड करून हाक मारली.

मी त्याच्यापासून चार पावलांवर होते. तोंड उघडलं. माझ्या घशातून काहीही निघालं नाही.

"ओ, आले!" माझ्या पाठीमागून, घरातून.

नरेंद्रची नजर माझ्यावर आली. त्यानं जरा मान लववली आणि जपानीत "नमस्कार" म्हटलं. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर तिथल्या कामवाल्या बाईकडे आपण जसं बघतो, चांगलं, सभ्यपणे, तसं त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. माझ्या अंगावर चंद्रकळा नव्हती. राखाडी झगा होता, त्यावर कमरेपासून पांढरा एप्रन, आणि हात मनगटापर्यंत ओले.

ती माझ्या शेजारून गेली. चेहरा मला दिसला नाही. काळ्या साडीचा काठ दिसला, कोटाची बाही दिसली आणि साबणाचा कडक वास आला. नरेंद्र म्हणाला, "चल, उशीर झाला. वाण घेतलंस का?" ती म्हणाली, "पर्समध्ये आहे." दोघं उतारावरून निघाली. पर्स त्यानं घेतली होती. ती दोन्ही हात मोकळे सोडून चालत होती. एवढे मोकळे हात मी कुणाचे पाहिले नव्हते. मला तिचा राग यायला हवा होता, आणि आलाही, पण पुरता येईना.

मी फाटकापर्यंत गेले. पुढचं पाऊल टाकणार, तोच आत घंटा वाजली.

आता नवी गाइड आहे, योकोहामातलीच कॉलेजची मुलगी, चांगली चुणचुणीत. मेजरसाहेबांचं आयुष्य छान सांगते. युद्धाआधी, युद्धानंतर. पाण्याचं वाक्य तिनं ठेवलं आहे आणि लोक हसतात. मी स्वयंपाकघरातून ऐकते. माझं काम चोख असतं, एक थेंब सांडत नाही, त्याबाबतीत मला कुणी बोट दाखवू शकणार नाही. आणि एक मी ठरवून ठेवलं आहे, की दारात थांबून कुणी विचारलं, या बाईचं नाव काय, तर त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगायचं. रोज मनात घोकते, विसरू नये म्हणून. अजून कुणी विचारलेलं नाही.